कापसाच्या गाड्या आणि भागीची भाकर

भागे,

तुझ्या तेराव्याचं जेवण झालं आणि दुसऱ्याच दिवशी मी बाजारात गेले. घरात सगळे म्हणत होते, चार दिवस थांब, लोक काय म्हणतील. पण पेरू थांबत नाहीत गं. झाडावर ठेवले की पोपट खातात, टोपलीत ठेवले की सडतात. म्हणून टोपली डोक्यावर घेतली, फडक्यात भाकरी बांधल्या आणि आपल्या कडुनिंबाखाली जाऊन बसले. निखारे फुलवले. तेवढ्यात खामगावकडचा तो दाढीवाला गाडीवान आला, ज्याच्या बैलांना तू रोज केळीची सालं चारायचीस, तो. आला आणि नेहमीसारखा ओरडला, "एक भागीची भाकर!"

मी म्हटलं, "दादा, भागी गेली."

त्यानं हातातला चाबूक खाली ठेवला आणि मातीत बसला. मग तोंड पुसून म्हणाला, "मंग तूच दे, बाई. पन भागीचीच दे."

मला रडू यायला हवं होतं. मला आला राग, आणि रागाच्या मागोमाग हसू. अगं, भाकर माझी, फळ माझं, मीठ-तिखट माझं, निखाऱ्यावर हात भाजून घेणारी मी. तुझा फक्त वरचा दुधाचा पांढरा गोळा. आणि नाव मात्र तुझं! किती भांडले मी तुझ्याशी या नावावरून. तू प्रत्येक वेळी पदरात तोंड खुपसून हसायचीस आणि म्हणायचीस, "मी का सांगतलं लोकाईले? थेच म्हन्तात." आता तर तू जिंकूनच गेलीस. गेलेल्या माणसाशी कोण भांडणार? तरी मी भांडणार आहे. म्हणून तर ही बसले बोलायला.

तुला तो पहिला दिवस आठवतो ना? होळी जवळ आली होती आणि ऊन आतापासूनच चटकत होतं. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडला होता, आणि त्यापायी आपल्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. अमरावतीच्या बाजारात गाड्या मावत नव्हत्या. रांग पार वेशीबाहेर, नाल्यापर्यंत. त्या रांगेत तू अडकलीस. डोक्यावर दुधाची चरवी, पुढे गाडी, मागे गाडी, दोन्ही बाजूंना बैलांची शिंगं. मी कडुनिंबाखाली फळं घेऊन बसले होते, न्याहारी शेकायला निखारे केले होते. सुटून माझ्यापर्यंत पोचलीस तेव्हा घामानं भिजली होतीस. आपली तशी ओळख नव्हती. तू गवळीवाड्यातली, मी माळ्यांची. तू म्हणालीस, "बाई, तुह्या इस्तवावर मले दूध ठेवू दे. एक उकळी आली तं वाचते."

उकळी आली आणि दूध फाटलं. सगळंच्या सगळं. मी एकदाच तुझ्या तोंडाकडे पाहिलं आणि नजर वळवली. घरी म्हातारी सासू, पदरी लेक, नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं, हे मला मागून कळलं. पण तोंडावरून त्याच वेळी दिसत होतं. तू थोडा वेळ चरवीत बघत राहिलीस. मग डोक्याचं धुतलेलं फडकं सोडलंस, त्यात ते सगळं ओतलंस, गाठ मारलीस आणि कडुनिंबाच्या फांदीला लटकवलंस. हिरवट पाणी टपटप गळायला लागलं. मी विचारलं, "हे काय वं?"

"पानी गेलं तं जाऊ दे," तू म्हणालीस. "पाहू ना, मांगं काय राह्यते."

मागे राहिला तो लोण्यासारखा मऊ, पांढरा गोळा. तोवर रांगेतला एक गाडीवान गाडीवरूनच हाका मारत होता, "बाई, काई खाले हाये का? खाली उतरलो तं पाळी जाते माही!" सकाळपासून बिचारा उपाशी. उतरावं तर मागचा गाडी पुढे घालतो, चूल मांडायला जागा नाही. माझ्याजवळ माझ्याच न्याहारीची कालची भाकर होती आणि गाडीच्या धक्क्यानं चेचलेली केळी. मी भाकर निखाऱ्यावर टाकली, पापडासारखी कडक झाली. तू फडकं सोडलंस आणि बोटानं तो गोळा वर पसरलास. मी त्यावर केळं कुस्करलं. तू म्हणालीस गूळ, मी म्हटलं मीठ. मग दोन्ही टाकलं. तू चाकावर पाय देऊन वर चढलीस आणि त्याच्या हातात दिलंस.

त्यानं एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि मागच्या गाडीवानाला ओरडून सांगितलं, "अबे, इकडं ये! त्या बाईजवळ काहीतरी हाये!"

काय आहे हे त्याला सांगता आलं नाही. आपल्यालाही कुठे येत होतं?

दुसऱ्या दिवशी तू मुद्दाम दूध फाडून आणलंस. त्यासाठी तुझ्या सासूनं किती आकांडतांडव केलं! गवळ्याच्या घरात दूध हातानं नासवणं म्हणजे महापाप, म्हैस आटते म्हणे. तू तिला सांगितलंस, "म्हशीले सांगायले कोन जाते? तुमी नोका सांगू म्हंजे झालं." म्हातारी हसली आणि तिथेच हरली. त्या वर्षी तुझी म्हैस आटली तर नाहीच, उलट तिला रेडी झाली.

मग काय, आपलं सुरू झालं. पहाटेच्या गाड्या यायच्या आत मी भाकरी घेऊन हजर, तू चरवी आणि फडकं घेऊन. केळं असलं की गूळ. पेरू असला की पातळ फोडी, वर मीठ आणि लाल तिखट. दसऱ्याच्या सुमारास सीताफळ, त्याला वर काहीच लागत नाही. त्या सीताफळावरूनही आपण भांडलो. तू म्हणायचीस, बिया काढून दे, गाडीवान घाईत असतो, दात पडतील. मी म्हणायचे, बिया काढत बसले तर दुपार होईल, थुंकू दे त्यांना. तू बिया काढत बसायचीस आणि मी तुला शिव्या देत भाकरी भाजायचे. आजही बाजाराच्या कुंपणाशी जी सीताफळाची रोपं आली आहेत ती तुझ्या काढून फेकलेल्या बियांचीच, दुसऱ्या कोणाची नाहीत.

आणि तो दिवस! खरी चव दुधाची की फळाची, यावरून आपलं बोलणं बंद झालं होतं. तू त्या टोकाला जाऊन बसलीस, मी या टोकाला. तुझ्याजवळ नुसता पांढरा गोळा, माझ्याजवळ नुसती भाकर आणि फळ. म्हटलं, आज ठरूनच जाऊ दे. गाडीवान आले, त्यांनी एकदा तुझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग माझ्याकडून भाकर घेऊन तुझ्याकडे गेले, तुझ्याकडून गोळा लावून परत माझ्याकडे केळं मागायला आले. दिवसभर त्या दोन टोकांमध्ये माणसांची येरझार. शेवटी एक म्हातारा कावला आणि म्हणाला, "बायांनो, तुमचं भांडन तुमच्याजवळ ठेवा, आमचे पाय काहून तोडून राह्यल्या?" तू लांबूनच हसायला लागलीस. तू हसलीस की मला थांबता यायचं नाही, हे तुला ठाऊक होतं. ठरलं काहीच नाही. आता ठरणारही नाही. पण मी सांगून ठेवते, चव फळाचीच होती.

भागे, आता जे सांगायचं राहिलं ते सांगते. रोज सकाळी इतकं बोललो आपण, तरी हे कधी तोंडातून निघालं नाही.

कापसाचं वेड वाढत गेलं तेव्हाची गोष्ट. ज्याच्याकडे हातभर काळी जमीन होती तो कापूस पेरत होता. लोकांनी ज्वारी सोडली, तूर सोडली, तुमच्या म्हशींची चराई नांगरली. चाकांना चांदीच्या पट्ट्या ठोकणारे लोक मी त्या वर्षांत डोळ्यांनी पाहिले. आमच्या घरातही तेच वारं शिरलं. माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, माझे भासरे, त्यांनी ठरवलं की मळा तोडायचा. केळी उपटायची, पेरूवर कुऱ्हाड घालायची आणि विहिरीपर्यंत सगळा कापूस. माझा नवरा भावापुढे मान वर न करणारा. आणि मी? भासऱ्यांपुढे पदर ओढून भिंतीआड उभी राहणारी. त्यांच्याशी एक शब्द बोलायची आम्हाला रीत नाही. त्या मळ्यातलं एकेक झाड मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाणी घालून वाढवलं होतं. पण ते सांगणार कोणाला आणि कशी?

तुला एवढंच म्हटलं होतं, "उद्या माणसं येणार कुऱ्हाडी घेऊन. परवापासून फळ नाही." तू फडकं झटकलंस आणि घरी निघालीस. मला वाटलं, तुलाही धसका बसला.

सकाळी मळ्यात माणसं आली. भासरे धोतर खोचून उभे. आणि तू आलीस, गवळीवाड्यापासून चालत, डोक्यावर चरवी, हातात निखाऱ्याचं खापर. मी झोपडीच्या आड होते. तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. सरळ भासऱ्यांसमोर जाऊन खापर ठेवलंस.

ते म्हणाले, "कोन होय वं तू?"

"भागी गवळीन होय. तुमच्या मळ्यातल्या केळ्याईवर माह्यं घर चालून राह्यलं. झाडं तोडाले आले ना? तोडा. पन मानसं उपाशी हायेत. आंधी न्याहारी करा, मंग कुऱ्हाड उचला."

तू तिथेच भाकरी भाजल्यास, गोळा पसरलास, उभ्या झाडाचा पेरू तोडून चिरलास. मजुरांना दिलंस, भासऱ्यांना दिलंस. ते खाल्ल्याशिवाय राहिले नाहीत, राहणार कसे? खाऊन झाल्यावर मिशा पुसत म्हणाले, "चांगलं हाये. पन बाई, कापूस आज सोनं झाला. सोनं सोडून मी पेरू ठेवू?"

तू म्हणालीस, "दादा, सोन्याचं एक बरं असते, थे पेटीत राह्यते. पन सकाळच्या पाहारी भूक लागली तं पेटी उघडून चावता येते का? अख्ख्या वऱ्हाडानं कापूस पेरला. उद्या त्या साऱ्याईले खाले लागीन. तवा ज्याच्या मळ्यात झाड असीन त्याच्या दारात लोक येतीन. तुमी शायने हा. मी अडानी, मले काय समजते."

भासऱ्यांनी विहिरीकडच्या झाडांवरून नजर फिरवली. मी झोपडीच्या कुडाला कपाळ टेकून उभी होते. मग ते मजुरांना म्हणाले, "विहिरीकडचा अर्धा राहू द्या. रस्त्याकडचा तोडा."

अर्धा गेला. रस्त्याकडच्या पेरूंवर घाव पडायला लागले तेव्हा मी कानांवर हात ठेवले आणि तू माझ्याजवळ येऊन बसलीस. "अर्धा तं राह्यला ना वं," एवढंच म्हणालीस. पण अर्धा राहिला, भागे. तो तुझ्यामुळे राहिला. मी तेव्हा तुला काही म्हटलं नाही. आणि नंतर आपण पुन्हा सीताफळाच्या बियांवरून भांडायला लागलो.

पुढे तिकडची लढाई संपली आणि कापसाचा भाव एका हंगामात बसला. चांदीच्या पट्ट्या चाकांवरून कधी उतरल्या ते कुणी पाहिलं नाही. ज्वारी महाग झाली, कारण पेरली होतीच कुणी? त्या वर्षी आमच्या घरात चूल पेटली ती विहिरीकडच्या अर्ध्या मळ्यावर. भासरे स्वतः पहाटे टोपल्या भरून द्यायला लागले. एकदा तर बाजारात आले, आपल्यापासून थोडे लांब बसले आणि माझ्याकडे न पाहता, रीत सांभाळून, झाडाकडे बघत म्हणाले, "भागाबाईले सांगा, माह्यी भाकर थोडी जास्त कडक पायजे." तू मला कोपर मारलंस. भागीची एकदम भागाबाई झाली होतीस! मी पदराआड हसले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि तुला वाटलं धूर लागला.

या पौषात तुला खोकला धरला. तरी दोन दिवस येत राहिलीस. मग आली नाहीस तेव्हा मी टोपली तशीच ठेवून गवळीवाड्यात आले. तू गोठ्याजवळ, उन्हात, बाजेवर. अंग निखाऱ्यासारखं. तुझी लेक जनी अकोल्याहून आली होती, तुझे पाय चेपत होती. मला बघून तू पहिलं काय विचारलंस? "आज कोनं लावला गोळा?" मी म्हटलं, मीच लावला. "जाड लावला असशीन," म्हणालीस. "पातळ लावजो वं. चव पातळात असते." त्यानंतर तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोपलीस, म्हणून हलकेच उठून आले. दुपारी जनीनं माणूस पाठवला.

मी खूप रडले, हे तुला कळलंच असेल. पण खरं सांगू? दुःखाचे म्हणून जे दिवस असतात त्यांत मला तुझं रडवणारं काही आठवतच नाही. जिकडे बघावं तिकडे तू हसताना दिसतेस. चाकावर पाय देऊन चढताना, बैलांशी बोलताना, सासूला निरुत्तर करताना. शोक करायला बसावं आणि मध्येच हसू फुटावं, असं माझं झालं. आमच्या घरातल्या बायांना वाटलं, हिला काही झालं.

तेराव्याला जनी माझ्याजवळ येऊन बसली. जावई अकोल्याच्या ठेसनावर हमाली करतो, तुला ठाऊकच आहे. जनी म्हणाली, "मावशी, मायची एक म्हैस मी घेऊन चालली. तिकडं ठेसनापाशी बी गाड्या उभ्या राह्यतात, मानसं उपाशी असतात. तू एकडाव येशीन का? मले हात धरून दाखव."

मी कधी नांदगावच्या पलीकडे गेले नव्हते, भागे. आणि तुझ्या लेकीसाठी आगगाडीत बसले! जनी म्हैस घेऊन आधीच गेली होती; मला बडनेऱ्याला नवऱ्यानं चढवून दिलं. मांडीवर पेरूची टोपली, पायाशी केळीचे मुनवे ओल्या गोणपाटात, जनीच्या अंगणात लावायला. गाडी हलली आणि मी समोरच्या परक्या बाईचा हात घट्ट धरला. तिनंही माझा धरला. तीही पहिल्यांदाच बसली होती. दोघी मुर्तिजापूरपर्यंत ओरडत होतो आणि तिथून पुढे अकोल्यापर्यंत पेरू खात होतो. तू असतीस तर डब्यात दुकान मांडलं असतंस.

दुसऱ्या सकाळी जनी ठेसनाबाहेर बसली. निखारे केले, फडकं सोडलं. मी भाकरी काढायला गेले तर म्हणाली, "मावशी, थांब." शेजारी एका चाचाची भट्टी आहे, साहेबलोकांसाठी पावरोटी भाजतात. जनीनं ती आणली होती. तिचे काप केले, निखाऱ्यावर धरले. दोन्ही बाजूंनी बदामी झाले. वर गोळा, अगदी पातळ. वर पेरूच्या फोडी, मीठ, तिखट. भाकर भाजायला जितका वेळ लागतो त्याच्या निम्म्यात झालं.

"इथच्या लोकाईले घाई तुमच्याहून जास्त हाये," ती म्हणाली. मग जरा भीत विचारलं, "मावशी, तू खाशीन का?"

आमच्यात ती रोटी चालत नाही. कुणी पाहिलं असतं तर जातपंचायतीचं बोलावणं आलं असतं. मी इकडे तिकडे पाहिलं. ओळखीचं कुणी नव्हतं. पण खरं सांगते, असतं तरी मी खाल्लं असतं. तुझ्या लेकीनं पहिल्या दिवशी, पहिल्या निखाऱ्यावर केलेली पहिली न्याहारी होती ती. मी घेतली. वरून कुरकुरीत, आत मऊ, मधे ते थंड पांढरं आणि पेरूचा गोडवा, आणि शेवटी तिखट नाकात गेलं.

जनी माझ्या तोंडाकडे बघत होती. "मायसारखी झाली का?"

मी म्हटलं, "नाही गं. तुझी माय बोलण्याच्या नादात मला एक बाजू नेहमी जाळायला लावायची. ही जळली नाही."

ती खळखळून हसली. मीही. तेवढ्यात गाडी आली, माणसांचा लोंढा बाहेर पडला, जनीनं आवाज दिला, आणि मी बाह्या सारून पेरू चिरायला बसले.